नवीन कायद्यांचं दोन दिवसांचं ट्रेनिंग : पहिला दिवस पाण्यात, दुसऱ्या दिवशी पैसे वसूल

आयोजकांचं नाव लिहीत नाही, कारण त्यातली निम्मी मंडळी रोज कोर्टात समोर येतात आणि मला अजून बरीच वर्षं त्यांच्यासोबत चहा प्यायचाय. पण कोल्हापुरात सध्या नव्या फौजदारी कायद्यांची असली ट्रेनिंगं एवढी निघालीत की कुठलं घ्यावं कळत नाही, म्हणून म्हणलं आपला अनुभव लिहून टाकू, कुणाचे तरी पैसे वाचतील नाहीतर कुणाचे तरी सत्कारणी लागतील.

फी २४०० रुपये, शनिवार-रविवार, नाष्टा-जेवण धरून. मी गेले ते एकाच गोष्टीसाठी, जाहिरातीत लिहिलेलं की वकील आणि पोलीस एकाच हॉलमध्ये एकत्र बसणार आणि शिकवायला रिटायर्ड जिल्हा न्यायाधीश. असं मी तरी आधी कुठं बघितलं नव्हतं. जज लोकांना उत्तनच्या ज्युडिशियल अकॅडमीत बोलावतात, पोलिसांना नाशिक आहे, इथं जवळ तासगावकडं तुरची आहे, आणि आम्हाला? सनद मिळाली, ऑल इंडिया बारची परीक्षा एकदा सुटली की नंतर मरेपर्यंत कुणी विचारत नाही की बाई तुला नवीन काय येतं. आम्ही आपले युट्यूब बघतो आणि सिनियरच्या टेबलावरची पुस्तकं चाळतो.

माझी प्रॅक्टिस १३ वर्षांची, सगळी फौजदारी. १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले, तेव्हापासून बॅगेत जुन्या-नव्या पुस्तकांचे दोन-दोन सेट घेऊन फिरतेय, कारण गुन्हा त्या तारखेच्या आधीचा असला की आयपीसी, म्हणजे जुना दंडविधान, आणि नंतरचा असला की भारतीय न्याय संहिता, आणि जुन्या केसेस काय लगेच संपणार नाहीत, दहा वर्षं तरी दोन्ही वागवायला लागणार. त्यात १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्याकडंच, सीपीआर हॉस्पिटलसमोर, चालू झालं, म्हणजे सहा जिल्ह्यांची कामं इथंच. आधी हायकोर्टाचं काम म्हणलं की महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर जायचं आणि मुंबईच्या वकिलाच्या हातात फाईल द्यायची, आता पक्षकार म्हणतो मॅडम तुम्हीच उभं ऱ्हावा. उभं ऱ्हायचं तर यायला पण पाहिजे ना.

तर पहिला दिवस. वेळ दहाची, सुरू झालं अकरा वीसला. सत्कार. व्यासपीठावर नऊ जण, नऊ शाली, नऊ नारळ, आणि प्रत्येकाचं 'दोन शब्द'. माझ्या शेजारी एक तालुक्याच्या ठाण्याचे हवालदार बसलेले, रात्रपाळी करून थेट आलेले, ते चौथ्या नारळाला झोपले ते थेट नाष्ट्याला उठले. मी त्यांना दोष देत नाही.

मग जुनी कलमं-नवी कलमं. पडद्यावर तक्ता, डावीकडं जुना नंबर, उजवीकडं नवा, सगळं इंग्लिशमध्ये, आणि वक्ते ते वाचून दाखवतायत. ३०२ चं १०३, ३०७ चं १०९, ४२० चं ३१८ पोटकलम ४. अहो हे फोनमध्ये फुकट आहे, एनसीआरबीचं, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद ब्युरोचं, 'संकलन' म्हणून ॲप आहे त्यात जुना नंबर टाकला की नवा निघतो. त्याला अडीच तास कशाला? नंबर पाठ करण्यापेक्षा नंबर कुठं फसवतात ते सांगा. आता ४८२ घ्या. जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, ४८२ म्हणजे हायकोर्टात गुन्हा रद्द करायचा अर्ज, त्याच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन आणि रद्द करायचं गेलं ५२८ ला. परवाच एका ज्युनियरनं पक्षकाराला सांगितलं की आपण ४८२ करूया, आणि सिनियरला वाटलं पोरगं क्वॉशिंगचं, म्हणजे गुन्हा रद्द करायचं, म्हणतंय, दोघं अर्धा तास वेगवेगळ्या विषयावर भांडत होते. किंवा ३०२, गावात अजून खुनाला सगळे म्हणतात 'तीनशे दोन लागला', पण न्याय संहितेतलं ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावणारं बोलणं, एक वर्षाची शिक्षा. असलं काही सांगितलं असतं तर पोरांच्या डोक्यात राहिलं असतं.

वरून हातात दिलेल्या तक्त्यात चूक. ४९८अ समोर ८४ छापलेलं. ८४ हे जुन्या ४९८ चं, विवाहित बाईला फूस लावून नेण्याचं. नवऱ्याकडनं-सासरकडनं छळाचं, म्हणजे ४९८अ, ते ८५ आहे आणि छळाची व्याख्या ८६ ला. आता तो कागद घेऊन एखादा अंमलदार रात्री दोनला फिर्याद लिहायला बसला तर? मी उठून सांगितलं, वक्ते म्हणाले 'टायपिंग मिस्टेक', आणि पुढच्या स्लाईडवर गेले, बाकीच्यांना कागदावर दुरुस्त करून घ्या एवढं पण म्हणाले नाहीत.

जेवण चांगलं होतं. चुकून पण तक्रार करणार नाही.

जेवणानंतर अटकेचा विषय निघाला आणि तिथं जरा जीव आला, कारण तो रिटायर्ड जज सरांनी घेतला. त्यांनी स्लाईड लावलीच नाही. सरळ पोलिसांना विचारलं, सात वर्षांच्या आतला गुन्हा आहे, अटक करायची नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेतली ३५(३) ची, हजर व्हायला सांगणारी नोटीस कशी देता? मगाचे हवालदार आता टक्क जागे, म्हणाले, 'सर, व्हॉट्सॲपला टाकतो, ब्लू टिक आली की स्क्रीनशॉट मारतो.' निम्मा हॉल हसला, पण हसणाऱ्यात पोलीस कमी होते, कारण बऱ्याच ठिकाणी तेच चालतं. सर हसले नाहीत. म्हणाले, जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की ही नोटीस व्हॉट्सॲपवर चालणार नाही, कायद्यात जशी बजवायची सांगितलीय तशीच बजवायची. मग सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका असं सांगणारा अर्नेशकुमारचा २०१४ चा निकाल, आणि नोव्हेंबर २०२५ चा, की अटकेची कारणं लेखी द्यायची आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत. म्हणजे आपल्याकडं मराठीत, आणि इथं कोल्हापूरजवळ गांधीनगरला एखादा बिहारचा कामगार पकडला तर हिंदीत. एका पीएसआय मॅडमनी विचारलं, 'सर, ज्याला वाचताच येत नाही त्याचं काय?' सर म्हणाले वाचून दाखवा, कुणासमोर वाचून दाखवलं ते लिहा, आणि तोच प्रश्न उद्या वकील तुम्हाला साक्षीच्या पिंजऱ्यात विचारणार आहेत एवढं लक्षात ठेवून लिहा. पहिल्या दिवसातला कामाचा तास तेवढाच.

रविवारी मी जाणार नव्हते खरं तर. नवरा म्हणाला पैसे भरलेत तर जा.

रविवारी टेबलं मांडलेली, सहा-सहा जणांचे गट, तीन वकील तीन पोलीस. माझ्या गटात तेच हवालदार. बसल्या बसल्या म्हणाले, 'मॅडम, तुम्ही मागं एका केसमध्ये मला दीड तास उभा केलेला.' मला आठवेना. म्हणाले, 'मला आठवतंय.' पुढं दिवसभर त्यांनी मला एकदाही 'वकील' म्हणलं नाही, 'समोरची पार्टी' म्हणत होते.

काम असं : लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात चोरी झालीय असं समजायचं, एक जुना डीव्हीआर (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवतो तो डबा), दोन फोन, एक रिकामी पिशवी. जप्ती पंचनामा करायचा आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ प्रमाणं त्याचं ऑडिओ-व्हिडिओ शूटिंग पण करायचं. आमच्या गटानं ११ मिनिटं शूट केलं, आम्हाला वाटलं झकास झालं. जज सरांनी ते पडद्यावर लावलं आणि एवढंच विचारलं, 'पंच कुठं आहेत?' खरंच, ११ मिनिटांत पंचांचा फक्त आवाज. पंखा दोनदा दिसला. सील करताना तर हवालदारसाहेबांची पाठच. सर म्हणाले आधी पंचनाम्यात 'पंचांसमक्ष' एवढा शब्द लिहिला की भागायचं, आता व्हिडिओच तुमच्या विरोधात साक्ष देणार.

मग हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलवरनं कॉम्प्युटरनं काढलेला तिचा जणू अंगठ्याचा ठसा. हे मला नुसतं वाचून कधी समजलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. नव्या साक्ष्य अधिनियमाचं ६३(४), म्हणजे जुनं ६५ब, इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचं कलम, त्याचं सर्टिफिकेट आता दोन भागात, भाग अ ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्यानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं, आणि दोन्हीत फाईलचा हॅश लिहायचा. सर्टिफिकेट लागतंच हे तर आपल्याच जालन्याच्या निवडणुकीवरनं झालेल्या खोतकर-गोरंट्याल केसमध्ये २०२० ला ठरलेलं आहे. पण हॅश म्हणजे काय? तिथं एक कॉम्प्युटरवाला मुलगा होता, त्यानं डीव्हीआरमधली क्लिप पेनड्राइव्हवर घेतली आणि एसएचए-२५६ नं हॅश काढला, ६४ अक्षरांची लांबलचक ओळ आली. मग फाईलचं नाव बदललं, परत काढला, ओळ तीच. मग क्लिपमधला फक्त एक सेकंद कापला, आणि ओळ अशी बदलली की एकाला एक अक्षर जुळेना. शेवटी तीच क्लिप हवालदारांच्या फोनवर व्हॉट्सॲपनं पाठवली, तिथून परत घेतली आणि काढला. वेगळा. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं म्हणून.

हवालदार गप्प झाले. मग हळूच म्हणाले, 'आपण तर सगळी फुटेजं दुकानदाराकडनं व्हॉट्सॲपवरच मागवतो की.' आणि खरं सांगू का, मी पण पक्षकाराकडनं तशीच मागवते. माझ्या चालू दोन केसेसमध्ये बचावाचा व्हिडिओ तसाच आलेला आहे, सोमवारी सकाळी पहिला फोन त्या दोघांना केला की मूळ फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका, जसा आहे तसा कपाटात ठेवा.

भाग ब भरणारा 'तज्ज्ञ' कोण, यावर मात्र हॉलमध्ये रण पेटलं. कायद्यात नुसतं तज्ज्ञ एवढंच. प्रत्येक पानटपरीच्या कॅमेऱ्यासाठी लॅबचा माणूस आणायचा का? जज सर पण यावर सावध बोलले. मला ते आवडलं, उगाच ठोकून दिलं नाही.

दुपारी उलटतपास, आणि भूमिका उलट्या. मी तपासी अंमलदार, पिंजऱ्यात. हवालदार आरोपीचे वकील, कुणाचा तरी कोट घालून. मला वाटलं मजा येईल. त्यांनी दीड तासाचा सगळा हिशोब काढला. 'पेनड्राइव्ह नवीन होता की वापरलेला? रिकामा आहे हे तपासलं का? तपासलं असेल तर पंचनाम्यात कुठं लिहिलंय ते दाखवा.' पंचनामा मीच लिहिलेला, सकाळी, माझ्याच अक्षरात, आणि त्यात ते नव्हतं. घाम म्हणजे काय ते त्या पिंजऱ्यात कळलं. टाळ्या त्यांना पडल्या. जाताना म्हणाले, 'आता बरोबरी झाली मॅडम.'

तक्रारी आहेत. महिलांच्या बाथरूमची कडी दोन्ही दिवस तुटलेलीच. फिर्यादीला ९० दिवसांत तपास कुठवर आला ते कळवायचं असतं, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या १९३ मधलं कामाचं कलम, त्यावर कुणी एक वाक्य बोललं नाही, आणि गावाकडची माणसं माझ्याकडं येतात ती हेच विचारायला की मॅडम आमच्या केसचं पुढं काय झालं. नमुना फॉर्म ग्रुपवर टाकतो म्हणाले, तीन आठवडे झाले, ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग येतंय.

पहिल्या दिवसाला पाचपैकी दीड, तो पण जज सरांमुळं. दुसऱ्याला साडेचार. जाणार असाल तर लॅपटॉप आणि वापरलेला पेनड्राइव्ह घेऊन जावा, आणि जमलं तर ओळखीच्या पोलिसाच्या नाही, ज्याला कधी उलटतपासात तासलाय त्याच्या टेबलावर बसा. फक्त रविवारची वेगळी फी घेत नाहीत, मी विचारलं.