पंधरा अँपिअर, वॉलबॉक्स की फास्ट चार्जर: नागपूरच्या उन्हात ईव्ही घेणाऱ्यांसाठी

ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक गाडी, घ्यायची म्हटलं की सगळे आधी रेंज (एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर) विचारतात, पण नागपुरात राहत असाल तर आधी हे बघा की गाडी रात्री उभी कुठं राहणार आणि तिथं वायर पोचते का. गाडी कोणती घ्यायची ते त्यानंतर ठरवा, कारण रोजचं चार्जिंग घरी होत असेल तर निम्मी काळजी तिथंच मिटते.

सगळ्यात साधा पर्याय म्हणजे घरचा 15 अँपिअरचा सॉकेट, गिझरला असतो तोच. त्यातून तासाला साधारण अडीच-तीन युनिट जातात, म्हणजे 30 युनिटची बॅटरी रिकामी असेल तर रात्रभर लागते आणि 45 ची असेल तर सकाळीही पूर्ण भरलेली नसते. पण रोज रिकामी करतो कोण? मनीषनगरहून मिहान किंवा प्रतापनगरहून हिंगणा एमआयडीसी असं रोजचं 30-40 किलोमीटर असेल तर पाच-सहा युनिट लागतात, ते दोन-अडीच तासांत परत भरतात. माझं स्पष्ट मत आहे की एवढंच चालवणाऱ्याला वॉलबॉक्सची, म्हणजे भिंतीवर बसवायच्या वेगळ्या चार्जरची, गरजच नाही. फक्त सॉकेटला एमसीबीपासून (भार जास्त झाला की आपोआप पडतो तो स्विच) वेगळी वायर ओढून घ्या, एक्स्टेंशन बोर्ड लावून तासन्‌तास चार्जिंग अजिबात करू नका, वितळतो तो.

7.2 किलोवॅटचा वॉलबॉक्स लावला तर 45 युनिटची बॅटरी सहा-साडेसहा तासांत भरते. मोठी बॅटरी असेल, घरात दोन ईव्ही असतील, किंवा अमरावती-चंद्रपूर असं आठवड्यातून एकदोनदा जाणं असेल तर तो पाहिजेच. पण हा 32 अँपिअर खेचतो, म्हणजे महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागू शकतो, आणि उन्हाळ्यात दोन कूलर, एखादा एसी आणि वरून वॉलबॉक्स एकाच वेळी चालले तर मेन ट्रिप होते किंवा व्होल्टेज पडतं. रात्री बारानंतरचं शेड्यूल लावा, गाडीच्या अ‍ॅपमध्ये बहुतेक सोय असते. विजेच्या बिलाचंही बघा, महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे घरच्या मीटरवर दीडशेच्या आसपास युनिट वाढतात आणि आपले दर स्लॅबचे आहेत, त्यामुळं 300 च्या वर गेलात की वरचं प्रत्येक युनिट महाग पडतं. चार्जिंगसाठी महावितरणचा वेगळा दर आहे आणि वेगळं मीटर घेता येतं, दोन्हींचा हिशोब कागदावर मांडून बघा.

अर्थिंगकडे मात्र कोणी लक्ष देत नाही आणि नागपुरात खरी अडचण तिथंच येते. आपली काळी माती एप्रिल-मेमध्ये कोरडी पडून भेगाळते, अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढतो, मग चार्जर एरर दाखवून बंद पडतो आणि लोक गाडीला दोष देतात. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात अधूनमधून पाणी टाकून ओला ठेवा आणि गाडी यायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या.

तिसरा पर्याय डीसी फास्ट चार्जर, म्हणजे चार्जिंग स्टेशनवरचं मोठं मशीन. 50-60 किलोवॅटच्या मशीनवर बऱ्याच गाड्या 10 ते 80 टक्के तासाभरात होतात, 80 नंतर स्पीड एकदम उतरतो, म्हणून शेवटच्या वीस टक्क्यांसाठी मशीन अडवून बसण्यात अर्थ नाही, मागं दुसरा उभा असतो. दर घरच्यापेक्षा महाग, वर 18 टक्के जीएसटी. 2017 साली नागपुरात इलेक्ट्रिक टॅक्सी सुरू झाल्या तेव्हा ड्रायव्हर लोकांचा अर्धा दिवस चार्जिंगच्या रांगेत जायचा. आता स्टेशनं पुष्कळ वाढलीत, तरी रोजचा भरवसा फक्त त्यावर ठेवून गाडी घेऊ नका, ते हायवेसाठी ठेवा. आणि भर नवतप्यात (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) दुपारी हायवेवरून तापून आल्याबरोबर फास्ट चार्जिंगला लावलं तर बॅटरी आधीच गरम असते, गाडी स्वतःच स्पीड कमी करते. तो प्रवास पहाटेचा ठेवला तर सगळंच सोपं जातं.

आता बॅटरी. टियागो, एमजी विंडसर, बीवायडी या गाड्यांमध्ये एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची आहे, एक्सयूव्ही 400 मध्ये एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट). एनएमसी त्याच वजनात जास्त रेंज देते, पण ती रोज 80 पर्यंतच भरा आणि लांब जायचं असेल त्याच दिवशी 100 करा. एलएफपीला उष्णता जास्त सहन होते, चार्जिंगची आवर्तनंही जास्त मिळतात, आणि तिला अधूनमधून 100 टक्के करावंच लागतं, कारण तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सारखंच राहतं, त्यामुळं बीएमएसला, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेला, नेमकं किती टक्के उरलं ते कळत नाही आणि स्क्रीनवरचा आकडा चुकायला लागतो. नागपूरसाठी मला विचाराल तर एलएफपी, रेंज थोडी कमी मिळाली तरी.

दोन्ही प्रकारच्या बॅटऱ्यांना खातं ते म्हणजे ऊन आणि फुल चार्ज एकत्र. मेमध्ये पारा 45 च्या वर जातो, अशात 100 टक्के भरलेली गाडी ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये दिवसभर, रोज, उभी राहिली तर बॅटरी लवकर म्हातारी होते. शेड नसेल तर निदान 50-60 वर ठेवा, गावाला आठ-पंधरा दिवस जाणार असाल तरी तेवढंच. बहुतेक कंपन्या बॅटरीला 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची वॉरंटी देतात, पण क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून देणार ते लेखी वाचूनच सही करा.

फ्लॅटवाल्यांनी बुकिंगच्या आधी सोसायटीला पत्र द्यावं. 2024 च्या केंद्राच्या नियमांनुसार चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं, पण मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगपर्यंत केबल कुठून जाणार यावरच महिने जातात. आणि महाल-इतवारीसारख्या दाट वस्तीत गल्लीत गाडी लावायची वेळ असेल, ऑफिसातही पॉइंट नसेल, तर सध्या सीएनजी किंवा हायब्रिड घ्या.