चिलीम, ग्राइंडर आणि अर्धवट 'कलम ६०': गोव्याहून येताना अठरा हजार गेले

गोव्याहून गाडीने परत येणाऱ्यांनी हे वाचा, त्यातही गाडीत चार तरुण पोरं असतील तर नक्कीच. आमच्याकडे गांजा नव्हता, चरस नव्हतं, काहीच नव्हतं, तरीपण 'ड्रग्जच्या साहित्याची केस' म्हणून आमच्याकडून पैसे काढले, आणि ज्या पद्धतीने काढले ती पद्धत कळली तर पुढच्या माणसाचे तरी वाचतील.

आंबोलीच्या अलीकडे एका टपरीपाशी चहाला थांबलो होतो. मागून पांढरी बोलेरो आली, पुढच्या काचेत पोलीस लिहिलेली पाटी, दोघं साध्या कपड्यात, एकाने लांबूनच लॅमिनेट केलेलं कार्ड दाखवून खिशात टाकलं. "क्राईम ब्रँच. गोव्यावरून येताय ना, बॅगा काढा." बॅगा काढल्या. एकीत मित्राचं तंबाखूचं पाकीट, रोलिंग पेपर आणि तंबाखू बारीक करायचा छोटा स्टीलचा ग्राइंडर, मित्र सिगारेट हातानेच वळतो. दुसरीत हणजूणच्या बाजारात शोपीस म्हणून घेतलेली मातीची चिलीम, अजून वर्तमानपत्रात गुंडाळलेली, किमतीचा स्टिकरसुद्धा निघालेला नव्हता.

झालं. त्या चिलमीचा दोघांनी फोटो काढला, ग्राइंडर उघडून वास घेतला आणि मोठा साहेब म्हणाला, "सेवनाचं साहित्य सापडलं. एनडीपीएस लागतो, दहा वर्षं, जामीन नाही, गाडी पण जप्त." एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा. मी म्हटलं साहेब, पण माल कुठाय? तर त्याने फाईलमधून एक छापील कागद काढला, वर कलम ६० आणि खाली मराठीत ओळ, 'साहित्य, उपकरणे, भांडी व वाहन जप्तीस पात्र राहतील'. ओळीखाली लाल पेनाने रेघ. खरं सांगतो, त्या कागदाने अर्धं काम केलं, कारण आमच्यातल्या एकाने जागच्या जागी मोबाईलवर शोधलं तर असं कलम खरंच आहे! त्यात त्याने अमेरिकेतले रील बघितलेले, तिकडे गाडीत पाइप सापडला तरी पोलीस बेड्या घालतात वगैरे, म्हणजे इकडे पण असणारच असा त्याचा हिशोब.

मग नेहमीचं. एक साहेब चिडलेला, दुसरा समजूतदार. "पोरं शिकलेली दिसतायत, करिअरची वाट लागेल, दंड भरून मिटवून टाका." चाळीस हजारांवरून अठरावर आले, आणि पैसे स्कॅन करायला लावले ते त्या टपरीच्याच क्यूआरवर. पावती मागितली तर "पावती हवी तर चला ठाण्यात, मग केसच होईल". चिलीम आणि ग्राइंडर 'मुद्देमाल' म्हणून घेऊन गेले. तंबाखू पण नेली, ती कुठल्या कलमाखाली देव जाणे.

घरी आल्यावर मित्राच्या वहिनींना सांगितलं, त्या सेशन्स कोर्टात एनडीपीएसच्या केसेस लढतात. त्यांचा पहिलाच प्रश्न, "भावजी, पंचनामा झाला का?" नाही. "पंच होते?" नाही. "सही कशावर घेतली?" कशावरच नाही. त्या हसल्या आणि कलम ६० पूर्ण वाचून दाखवलं. खरी गंमत तिथेच आहे. कलमाची सुरुवातच अशी आहे की या कायद्याखाली शिक्षापात्र गुन्हा घडला असेल तेव्हा, ज्या साहित्याने, उपकरणाने, भांड्याने तो गुन्हा घडला ते जप्तीला पात्र. म्हणजे आधी गुन्हा, मग भांडं. त्या कागदावर पहिला अर्धा भाग गायब आणि उरलेला छापलेला. गाडीचंही तसंच, अमली पदार्थ वाहून नेण्यासाठी गाडी वापरली असेल तर ती जप्तीला पात्र, आणि त्यातही आपल्या नकळत झालं हे मालकाला सिद्ध करायची सोय कायद्यातच ठेवलीय.

आपल्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात 'नशेचं साहित्य' अशी वेगळी व्याख्या नाहीच, की ही वस्तू जवळ असली म्हणजे गुन्हा. अमेरिकेत आहे, तिथल्या फेडरल कायद्यात नशेसाठीचे पाइप वगैरे विकणं, पोस्टाने पाठवणं हा वेगळा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि राज्यांचे आपापले नियम वेगळे. आपल्याकडे गुन्हा ठरतो तो पदार्थाचा. पण म्हणून वापरलेली चिलीम खिशात घालून फिरा असं कोणी समजू नका. आत जळका गांजा चिकटलेला असेल तर तोच नमुना म्हणून लॅबला जातो, आणि सेवन हा वेगळा गुन्हा आहेच, कलम २७, तिथे ती चिलीम पुरावा होते. कोरी चिलीम, कोरे पेपर, तंबाखूचा ग्राइंडर, यांचं तसं नाही. वेप असेल तर विषयच वेगळा, त्याला २०१९ चा ई-सिगारेट बंदीचा स्वतंत्र कायदा आहे.

'दहा वर्षं, जामीन नाही' हे पण अर्धंच. दहा ते वीस वर्षं ही गांजाच्या व्यावसायिक प्रमाणाची शिक्षा, म्हणजे वीस किलोहून जास्त, आणि जामिनाच्या त्या कडक अटीही मुख्यतः तिथल्याच. एक किलोपेक्षा कमी म्हणजे अल्प प्रमाण, त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बघा म्हणजे, किलोच्या आत गांजा सापडला असता तरी दंड दहा हजारांच्या वर गेला नसता, आणि आम्ही रिकाम्या चिलमीला अठरा दिले! तो दंडसुद्धा कोर्ट करतं, रस्त्यावर कोणी करत नाही. एनडीपीएसमध्ये जागेवर मिटवायचा दंड हा प्रकारच नाही.

असं कोणी अडवलं तर वाद घालत बसू नका, ११२ हा पोलिसांचा आपत्कालीन नंबर लावा आणि त्यांच्यासमोरच सांगा की अमुक ठिकाणी अमुक नंबरची गाडी आहे, खात्री करा. खऱ्या पोलिसांना त्याने काही फरक पडत नाही. अंगझडती घ्यायची म्हणाले तर राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घ्या असं म्हणायचा हक्क कलम ५० मध्ये आहे. बॅगेच्या झडतीला हे लागू होत नाही असं सुप्रीम कोर्टाने म्हटलंय, त्यामुळे बॅगेवरून कलम ५० चा आरडाओरडा करू नका, तिथे पंच आणि पंचनामा मागा. नवीन फौजदारी कायद्याप्रमाणे झडती-जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंगही पोलिसांनी करायचं असतं, आमच्या साहेबांनी फक्त चिलमीचे फोटो काढले.

आम्ही दोन दिवसांनी तक्रार दिली, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि डॅशकॅमचं फुटेज जोडून, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पण नोंदवलं. पोलिसांनी टपरीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला की एकजण आधीच येऊन बोलून गेला होता, मित्र पैसे स्कॅन करतील, मला रोख द्या, वर पाचशे तुला ठेव. त्याला वाटलं एटीएम लांब आहे म्हणून मागतोय. त्यामुळे खातं सापडलं ते टपरीवाल्याचं, माणसं नाहीत, आणि बोलेरोचा नंबर एका ट्रॅक्टरचा निघाला.