एअर जॉर्डन १ : मुंबईच्या सिमेंटवर खेळायला घ्यावा का?

८ मार्च १९९८ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डन नाइकीचे १९८५ सालचे मूळ एअर जॉर्डन १ बूट घालून उतरला. त्या मोसमात तो एअर जॉर्डन १३ वापरत होता, हा जुना जोड त्याने मुद्दाम बाहेर काढला होता. त्याने ४२ गुण केले, त्याचा संघ शिकागो बुल्स जिंकला, आणि बूट उतरवले तेव्हा मोजे रक्ताने भरलेले होते. जोड पायाला थोडा लहान होत होता हे खरं. तरी ज्याच्या नावाने हा बूट निघाला, त्याचेच पाय एका सामन्यात सोलून निघाले, ही गोष्ट कोर्टवर घालायला जॉर्डन १ घेणाऱ्याने आधी लक्षात ठेवावी.

मुंबईत हा बूट आता सगळीकडे दिसतो. कॉलेजच्या कट्ट्यावर, लोकलच्या दारात, आणि संध्याकाळी बास्केटबॉलच्या कोर्टवरही. मुलगा नुकताच खेळायला लागलेला असतो, घरचे हौसेने पैसे देतात आणि दुकानात विचारतात, ‘बास्केटबॉलचाच आहे ना?’ दुकानदार हो म्हणतो. १९८५ मध्ये ते उत्तर बरोबर होतं. आज हाच बूट खेळायला कसा आणि नुसता घालायला कसा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं अगदी उलट आहेत.

आधी बांधणी बघू. पीटर मूरने आखलेला हा बूट सरळसाधा आहे. वर चामड्याचे तुकडे एकावर एक शिवलेले. खाली वाटीसारखा रबरी सोल, आणि त्याच्या कडेने सगळीकडून फिरलेली शिवण. टाचेखाली फोममध्ये बंद केलेली हवेची लहानशी पिशवी. ‘एअर’ म्हणतात ते एवढंच, आणि ते फक्त टाचेखाली. चवड्याखाली हवा नाही, पातळ गादी आणि तिच्याखाली रबर.

गार्डसाठी, म्हणजे चेंडू हाताळत खेळ उभा करणाऱ्या चपळ खेळाडूसाठी, नेमकी हीच अडचण आहे. गार्ड टाचेवर खेळत नाही. ड्रिबल करत पहिलं पाऊल टाकणं, बचावपटूला पुढे जाऊ देऊन एकदम थांबणं, जागेवरून उडी मारून शॉट घेणं, बचावात गुडघे वाकवून बाजूला सरकणं, हे सगळं चवड्यावर चालतं. उडीनंतर पाय आधी चवड्यावरच टेकतो. एका तासाच्या खेळात अशा शेकडो धडका बसतात आणि या बुटात त्या जवळजवळ जशाच्या तशा नडगीपर्यंत पोचतात. म्हणूनच दोन-तीन आठवडे रोज हा बूट घालून खेळणाऱ्या मुलांची पहिली तक्रार नडगीच्या आतल्या बाजूच्या दुखण्याची असते. दुसरी तळव्याच्या पुढच्या भागातल्या जळजळीची.

मग जॉर्डन कसा खेळला? पहिल्याच मोसमात, १९८४-८५ मध्ये, त्याची सरासरी सामन्याला २८.२ गुणांची होती. दुसऱ्या मोसमाच्या तिसऱ्याच सामन्यात पायाचं हाड मोडलं, बहुतेक मोसम बाहेर बसून गेला, आणि परत आल्यावर २० एप्रिल १९८६ ला बोस्टनमध्ये त्याने सेल्टिक्सविरुद्ध ६३ गुण केले. तो सामना बुल्स हरले, तरी प्लेऑफमधल्या, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांमधल्या, एका सामन्यात एका खेळाडूचे एवढे गुण आजवर पुन्हा झालेले नाहीत. पुढचे सगळे टप्पे, १९८६-८७ ची ३७.१ ची सरासरी, सहा विजेतेपदं, दहा वेळा गुणांमधला पहिला क्रमांक, नंतरच्या बुटांमध्ये आले. दरवर्षी त्याच्यासाठी नवा बूट बनत गेला, कारण त्याचा खेळ आणि शरीर दोन्ही जास्त मागत गेले. दुसरं म्हणजे तो लाकडावर खेळत होता. लाकडी कोर्टाखाली पट्ट्या आणि रबरी तुकडे असतात, फळी किंचित दबते आणि धक्का वाटून घेते. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि पेसर्स या अमेरिकी संघांचे दोन सामने झाले, एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे भारतातले पहिले. तेही लाकडी कोर्टवरच. नागपाड्यात किंवा कॉलनीतल्या कोर्टवर खाली सिमेंट असतं, फार तर वर अॅक्रिलिक रंगाचा थर. तो थर चेंडूच्या टप्प्याला आणि दिसायला चांगला, गुडघ्याला त्याचा उपयोग नाही.

पकडीच्या बाबतीत मात्र या बुटाला चांगले गुण द्यावे लागतात. चवड्याखाली एकात एक गोल कोरलेले आहेत, एका पायावर गरकन वळता यावं म्हणून. चाळीस वर्षांनंतरही तो पिव्हट उत्तम वळतो. पण मुंबईच्या उघड्या कोर्टवर बारीक धूळ असतेच, ती त्या गोलांच्या खाचांत बसते आणि मग थांबायच्या वेळी पाय वीतभर पुढे जातो. उपाय सोपा आहे. ओलं फडकं कोर्टच्या कडेला ठेवायचं आणि दर दहा मिनिटांनी दोन्ही सोल पुसायचे. तळहाताने पुसून भागत नाही, घाम लागला की धुळीचा चिखल होतो. पावसाच्या सरीनंतर कोर्टवर ओल असेल तर या सोलवर विश्वास ठेवू नये.

रबर टणक आहे, त्यामुळे सिमेंटवर झिजायला वेळ लागतो. हा खरोखरचा फायदा. हल्लीच्या कितीतरी महागड्या बुटांचे मऊ सोल उघड्या कोर्टवर दोन-तीन महिन्यांत गुळगुळीत होतात.

घोट्याच्या आधाराबद्दल बराच गैरसमज आहे. उंच गळा म्हणजे घोटा सुरक्षित, असं नाही. जॉर्डन १ चे दोन प्रकार जास्त दिसतात, मूळ उंचीचा ‘हाय ओजी’ आणि थोडा बुटका ‘मिड’. हाय ओजीला एका बाजूला नाडीची नऊ भोकं असतात, मिडला आठ. स्टाइल म्हणून वरची दोन भोकं मोकळी सोडली की गळा नुसता घोट्याभोवती लोंबत राहतो. खेळायचंच असेल तर पाय टाचेकडे घट्ट ढकलून बसायचं, खालच्या चार भोकांत नाडी सैलसर, मधल्या तीनमध्ये घट्ट आणि वरच्या दोनमध्ये घोटा पुढेमागे हलेल इतपत. रुंद, सपाट सोलमुळे बाजूला पाय सहज कलंडत नाही, ही जमेची बाजू. पण दुसऱ्याच्या पायावर पाय पडून घोटा मुरगळतो, आणि तिथे कुठलाच गळा फारसा कामाला येत नाही.

उकाड्याचं काय? चामड्याला बोटांवरची बारीक छिद्रं सोडली तर श्वास घ्यायला जागा नाही. एप्रिल-मेमध्ये अर्ध्या तासात मोजा भिजतो, भिजलेला मोजा कोऱ्या चामड्यावर घासला जातो, आणि करंगळीला व टाचेला फोड येतो. शुद्ध सुती मोजे टाळावेत, घाम धरून बसतात. नवा जोड आधी घरात रोज तासभर, आठवडाभर घालून बोटांच्या सांध्यापाशी चामडं नरम होऊ द्यावं.

थोडक्यात, एकट्याने वीस-पंचवीस मिनिटं शूटिंग करायची असेल तर चालेल. पाच विरुद्ध पाचचा पूर्ण सामना, रोजचा सराव, माटुंग्याच्या स्पर्धा, यांसाठी अजिबात नको. सोळा वर्षांखालच्या, हाडं अजून वाढत असलेल्या मुलांनी तर नकोच. त्याच पैशांत, बहुतेकदा कमीत, आजचा खेळायचा बूट मिळतो. तो निवडताना तीन गोष्टी बघा. चवड्याखाली अंगठ्याने दाबल्यावर दबून परत वर येणारा फोम किंवा हवेची पिशवी. मासळीच्या काट्यासारखी, खोल खाचांची नक्षी असलेला सोल. आणि नखाने दाबल्यावर वळ न उठणारं रबर. नाइकीच्या काही बुटांच्या सोलवर ‘एक्सडीआर’ असं कोरलेलं असतं, ते उघड्या कोर्टसाठीचं टिकाऊ रबर.

आता दुसरा प्रश्न. नुसता घालायला हा बूट फार सुंदर आहे आणि त्याचं मोल त्याच्या इतिहासात आहे. १९८५ मध्ये तो ६५ डॉलरला बाजारात आला आणि पहिल्याच वर्षात दहा कोटी डॉलरच्या वर विक्री गेली. एका गार्डच्या नावावर एवढा मोठा धंदा उभा राहू शकतो, हे तोवर कुणी पाहिलं नव्हतं. लाल-काळ्या रंगावर एनबीएने आक्षेप घेतला होता, तोच धागा पकडून जाहिरात झाली. वादाच्या वेळी जॉर्डनच्या पायात बहुधा एअर शिप नावाचा दुसराच बूट होता, असं जाणकार मानतात. दुकानातला विक्रेता ‘बंदी घातलेला बूट’ म्हणून हजार-दोन हजार जास्त मागत असेल तर हे ध्यानात ठेवावं.

घ्यायचा तर हाय ओजी घ्यावा. मूळ आकाराच्या सर्वांत जवळचा तोच, नाड्यांखालच्या जिभेवर ‘नाइकी एअर’ लिहिलेलं, चामडंही सहसा बरं. मिडच्या जिभेवर उडी मारणाऱ्या जॉर्डनची आकृती असते, चामडं बऱ्याचदा कडक, वर प्लास्टिकसारखा थर असलेलं, आणि घडी पडली की ती पांढरट दिसते. मिड स्वस्त पडतो, पण ‘हाय’ समजून मिडला हायचा भाव देणारे पुष्कळ आहेत. आतल्या लेबलवरचा क्रमांक बघा. पुरुषांच्या मिडचा ५५४७२४, हाय ओजीचा आधी ५५५०८८ आणि अलीकडे डीझेड ५४८५. पुढे डॅश आणि रंगाचे तीन आकडे. हाच क्रमांक खोक्यावर हवा.

फॅशन स्ट्रीटला, लिंकिंग रोडला किंवा डेढ गल्लीच्या शुक्रवारच्या पहाटेच्या बाजारात ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून मिळतो तो लांबून हुबेहूब असतो. जवळून मात्र ओळखता येतो. मागून बघितलं तर असली बुटाची टाच मध्यभागी आत वळते, डमरूसारखी. नकलीत ती सरळ उभी असते. घोट्यावरच्या चिन्हातले पंख चामड्यात खोल दाबलेले असावेत, नुसते छापलेले नसावेत. आणि नाक जवळ न्या, डिंकाचा उग्र वास आला तर ठेवून द्या. अशा नकलेत टाचेखाली हवेची पिशवी असण्याची खात्री नसते, म्हणून ती घालून खेळणं तर आणखी वाईट.

मापासाठी संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, भिंतीला टाच टेकवून कागदावर लांबी मोजा. २७ सेंटीमीटरला यूके ८ येतो. चवडा पसरट असेल तर अर्धं माप वर जा. चामडं रुंदीत थोडं सैल होतं, लांबीत होत नाही.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर मुंबईत चामड्याच्या बुटाला बंद खोक्यात माळ्यावर ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. खोक्याचं झाकण किलकिलं ठेवा, आत सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाका आणि पंधरा दिवसांनी बदला. भिजले तर नाड्या आणि आतली गादी काढून वर्तमानपत्राचे बोळे भरा, दर तीन-चार तासांनी बदला, पंख्याखाली सुकवा. उन्हात किंवा गॅसजवळ नको, चामडं तडकतं आणि सोलचा डिंक सुटतो. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर कोरड्या ब्रशने गच्चीवर झाडा, घरात नको. जॉर्डन ३ ते ६ चे रेट्रो, म्हणजे नंतर पुन्हा काढलेले जोड, जपून ठेवलेल्यांनी जास्त सावध राहावं. त्यांच्या सोलमधला पॉलियुरेथेन फोम दमट हवेने आतून विरघळतो आणि न घातलेला, कोरा दिसणारा जोडही पहिल्याच दिवशी पायाखाली भुगा होतो. आठवड्यातून एकदा घालून चाललं तर तो फोम जास्त टिकतो. जॉर्डन १ च्या वाटीसारख्या रबरी सोलला त्या मानाने कमी भीती, आणि कडेची शिवण उसवली तर चांगला मोची मेणाच्या दोऱ्याने ती त्याच भोकांतून पुन्हा घालून देतो.