ऑडिओमॉथ: जंगलात टांगून ठेवण्याजोगा ध्वनिमुद्रक

उष्णकटिबंधीय जंगलात प्राणी दिसतात कमी आणि ऐकू येतात जास्त, त्यामुळे बेडूक, पक्षी किंवा वटवाघळांवर काम करणाऱ्याला स्वयंचलित ध्वनिमुद्रकाची गरज कधी ना कधी भासतेच. ऑडिओमॉथ हा अशा कामासाठी बनवलेला, काडेपेटीहून जरासा मोठा ध्वनिमुद्रक तीन पेन्सिल सेलवर चालतो, मायक्रोएसडी कार्डावर नोंदी साठवतो आणि त्याचा आराखडा व सॉफ्टवेअर दोन्ही सर्वांसाठी खुले आहेत. व्यावसायिक ध्वनिमुद्रकांच्या तुलनेत तो बराच स्वस्त आहे आणि माझ्या मते त्याचे खरे मोल इथेच आहे, कारण डोंगरपायथ्यापासून माथ्यापर्यंत उंचीनुसार प्रजाती कशा बदलतात हे पाहायचे असेल, तर एका उत्तम यंत्रापेक्षा एकाच वेळी चालणारी वीस साधी यंत्रे अधिक उपयोगी पडतात.

विकत घेण्यापूर्वी साठवणुकीचा हिशेब अवश्य करावा. सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने घेतल्यास 24 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज टिपता येतो. पक्षी आणि बेडकांसाठी तेवढा पुरेसा असतो, पण अखंड नोंद ठेवली तर दिवसाकाठी सुमारे 8.3 जीबी जागा लागते आणि 64 जीबीचे कार्ड आठवडाभरातच भरत येते. वटवाघळांसाठी हाच दर सेकंदाला 3,84,000 नमुन्यांपर्यंत नेता येतो, मात्र तेव्हा फाइल आठपट मोठी होते. म्हणूनच दर दहा मिनिटांतले एकच मिनिट नोंदवण्याचे वेळापत्रक बहुतेक अभ्यासांना परवडते. असे वेळापत्रक संगणकावरून लावता येते आणि रोज किती जागा व किती वीज लागेल याचा अंदाजही तिथेच दिसतो, ही मोठीच सोय आहे.

उघडे सर्किट जंगलात टिकणार नाही, तेव्हा जलरोधक डबीवर काटकसर करू नये. सखल जंगलात दमट हवा, मुंग्या आणि सिकाडा या कीटकांचा कर्कश कोलाहल यांच्याशी गाठ असते. दिवसातल्या काही तासांत सिकाडा इतर सारे आवाज झाकून टाकतात आणि मायक्रोफोनची संवेदनशीलता वाढवून त्यावर उपाय होत नाही. उंचावर अडचणी वेगळ्या असतात: वारा, ओढ्याचा अखंड घोष आणि थंडी. थंडीत साधे अल्कलाइन सेल लवकर मंदावतात, म्हणून तिथे लिथियमचे सेल घ्यावेत. सेल काढल्यावर घड्याळ पुन्हा लावावे लागते, आणि नोंदींची वेळ मुळात जागतिक प्रमाणवेळेनुसार पडते, त्यामुळे पहाटेच्या कूजनाचा अभ्यास करणाऱ्यांनी स्थानिक वेळेचे गणित आधीच पक्के करावे.

बंदुकीचा आवाज ओळखून शिकारीची नोंद ठेवण्यासाठीही हे यंत्र वापरले जाते. मध्य अमेरिकेतील बेलीझ देशाच्या जंगलात त्याची चाचणी झालेली आहे. मात्र हे यंत्र स्वतःहून कोणालाही इशारा देत नाही. कार्ड काढून आणेपर्यंत शिकारी केव्हाच निघून गेलेला असतो. गोळीबार कुठे आणि कोणत्या वेळी अधिक होतो हे समजून गस्तीची आखणी करायची असेल, तर ऑडिओमॉथ खुशाल घ्यावा. तत्काळ कारवाईसाठी जंगलातून थेट संदेश पाठवणारी वेगळी यंत्रणाच लागेल.