ज्यूकबॉक्स की रेकॉर्ड प्लेअर? इंदूरच्या घरासाठी काय बरं

ज्यूकबॉक्स, म्हणजे बटण दाबून निवडलेली तबकडी आपोआप लावणारं मशिन, घ्यायचं मनात आलं की बहुतेक जण आधी मशिन बघतात. रंगीत दिवे, क्रोमची झळाळी, काचेआड तबकडी उचलणारा हात. मी म्हणेन, आधी घरातलं कपाट उघडा आणि तबकड्या कोणत्या आहेत ते बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

रामबाग, नारायण बाग अशा भागांतल्या जुन्या मराठी घरांत साधारण तीन जातींचा माल निघतो. नाट्यपदं आणि भावगीतांच्या लाखेच्या, ७८ गतीच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या. सात इंची ४५च्या ईपी. आणि बारा इंची एलपी. साधा रेकॉर्ड प्लेअर एलपी आणि ईपी दोन्ही वाजवतो. ७८ची गती असेल तर सुई बदलून लाखेच्या तबकड्याही वाजतात. सुई बदलायची ती मात्र खरंच बदलायची, कारण ७८ची खाच रुंद असते आणि एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासून नुसती खरखर देते.

ज्यूकबॉक्स सहसा एकाच जातीच्या तबकड्या वाजवतो. इंदूर घराण्याचे ख्यालगायक आमीर खाँसाहेबांचा १९६०चा एलपी घ्या: एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. इंदूरकराच्या संग्रहात तो असायलाच हवा, पण ४५च्या ज्यूकबॉक्समध्ये त्याला जागाच नाही. तुमचा जीव ख्यालात असेल तर चांगला प्लेअर, बरा अँप्लिफायर आणि फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा भाग) घ्या. ज्यूकबॉक्सचा विचार सोडून द्या.

जीव तीन मिनिटांच्या गाण्यात असेल, तर मात्र पुढे वाचा.

चित्रांत दिसणारा कमानीचा, बुडबुड्यांच्या नळ्यांचा वुर्लिट्झर कंपनीचा १०१५ हा ज्यूकबॉक्स १९४६चा. तो ७८च्या २४ तबकड्या घेतो आणि प्रत्येकीची एकच बाजू वाजवतो. देखणा आहे यात वाद नाही. पण त्या काळच्या पिकअपचा, म्हणजे सुई धरणाऱ्या भागाचा, भार तबकडीवर जास्त पडतो, आणि आजोबांच्या नाट्यपदाची दुसरी प्रत मिळणं सोपं नाही. अशी तबकडी मी त्यात घालणार नाही. सीबर्ग या दुसऱ्या कंपनीने १९४८ साली ५० तबकड्यांच्या दोन्ही बाजू, म्हणजे १०० निवडी देणारं मशिन काढलं आणि १९५०मध्ये त्याच पद्धतीचं ४५चं. घरी वाजवायचं असेल तर या ४५च्या पिढीतलंच बघावं.

आता भोकाची गोष्ट. ज्यूकबॉक्सला मधलं भोक दीड इंचाचं, म्हणजे ३८ मिलिमीटरचं लागतं. आपल्याकडच्या एचएमव्हीच्या ईपींना बहुधा सव्वासात मिलिमीटरचं बारीक भोक असतं. काहींचा मधला तुकडा दाबून निघतो, बाकीच्यांना कापावं लागतं. कापताना केंद्र केसभर जरी सरकलं तरी लांबवलेला प्रत्येक सूर हेलकावे खातो. म्हणून कापायचं हत्यार नीट केंद्र धरणारं हवं. दुर्मीळ ईपीला हातच लावू नका, ती प्लेअरवर ऐका. आणखी एक: आपल्या ईपीत पुष्कळदा एका बाजूला दोन गाणी असतात. बटण दाबलं की पूर्ण बाजू वाजते, म्हणून मशिनवरच्या गाण्याच्या नावाच्या चिठ्ठीवर दोन्ही गाणी लिहा. काही सात इंची तबकड्या ३३⅓ गतीच्याही निघाल्या आहेत, तेव्हा विकत घेताना लेबल वाचा.

खरी मेख विजेत आहे. अमेरिकन मशिन ११७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर चालतं, आपली वीज २३० आणि ५०. विकणारा सांगेल, ट्रान्सफॉर्मर लावा, झालं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ ५०च राहतात, आणि मोटरची गती हर्ट्झवर ठरत असल्याने ती मंद फिरते. ४५ची तबकडी साडेसदतीसने फिरते, तीन मिनिटांचं गाणं तीन मिनिटं छत्तीस सेकंद चालतं, आणि काळी पाचमध्ये गाणारी बाई पांढरी पाचच्याही किंचित खाली उतरते. ज्याच्या घरी पेटी आहे त्याला हे पहिल्या ओळीतच खुपेल. उपाय आहेत: ५० हर्ट्झची पुली (मोटरवरचं गती ठरवणारं चाक) किंवा हर्ट्झ बदलून देणारा फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर. पण सर्वांत सोपा मार्ग म्हणजे युरोपसाठी बनलेलं मशिन घेणं. जर्मनीतल्या एनएसएम आणि डॉइच वुर्लिट्झरची मशिन मुळातच ५० हर्ट्झची असतात.

प्लेअर टेबलावर मावतो. ज्यूकबॉक्स दीडशे किलोच्या आसपास, चार माणसांचं काम. जुन्या वाड्याच्या माडीवर नको, तळमजल्यावरच ठेवा, आणि मागून उघडता येईल एवढी जागा सोडा. व्हॉल्व्हच्या मशिनमधले जुने कपॅसिटर बदलून घेतल्याशिवाय ते चालू करू नका. प्लग काढल्यावरही त्यांत धोकादायक व्होल्टेज उरतं, म्हणून जाणकाराशिवाय आत हात घालायचा नाही. महाराणी रोडवर सुटे इलेक्ट्रॉनिक भाग मिळतील. यंत्रणेची दातेरी चाकं, कॅम बाहेरूनच मागवावे लागतात. मे महिन्यातलं इंदूरचं ऊन पश्चिमेच्या भिंतीवर येत असेल, तर तबकड्या तिथे नकोत, मग मशिन कुठलंही असो.

एवढं करून हाती काय लागतं? प्लेअरवर एक जण लावतो, बाकीचे ऐकतात. ज्यूकबॉक्सवर आजी एक बटण दाबते, नातू दुसरं, पाहुणे तिसरं, आणि सगळ्यांची गाणी पाळीपाळीने लागतात. घरात माणसांचा राबता असेल तर याला तोड नाही, आणि त्यासाठी एवढा खटाटोप मला रास्त वाटतो. एकट्याने रात्री ऐकणाऱ्याला प्लेअरच बरा. दोन्ही घ्यायची ऐपत असली तरी आधी प्लेअर घ्या. शंभर ईपी हाताखालून गेल्या की त्यांतल्या कुठल्या पन्नास ज्यूकबॉक्समध्ये घालायच्या ते आपोआप कळतं. इंदूरजवळच्या पिगडंबरचं लता दीनानाथ मंगेशकर ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालयही बघून या, जुन्या रेकॉर्डचा आवाका लक्षात येतो.

मशिन बघायला जाल तेव्हा ओळखीच्या चार-पाच ईपी बरोबर न्या, अर्थात मोठ्या भोकाच्या. तासभर सलग वाजवायला लावा. गरम झाल्यावर गती टिकते का, हात तबकडी बरोबर जागी परत ठेवतो का, प्रत्येक बटण आपलंच गाणं लावतं का, हे बघा. काच आणि क्रोम शेवटी.