१९१४चा आयर्न क्रॉस: वरचा रंग काढावा की तसाच ठेवावा?

पहिल्या महायुद्धातल्या या जर्मन लष्करी पदकाचा गाभा काळ्या रंगाचा लोखंडी, भोवती सहसा चांदीची चौकट. कुणीतरी नंतर त्यावर चकचकीत इनॅमल रंग फासला की मुकुट, ‘W’ (सम्राट विल्हेल्मचं आद्याक्षर) आणि १९१४ हे उठाव बुजतात.

तसंच ठेवलं तर पदक विद्रूप दिसतं, किंमतही घसरते. पण खाली जुना काळा थर असेल तर तो शाबूत राहतो. रंगाला फुगे दिसले तर मात्र खाली गंज चालू असू शकतो, थांबून चालणार नाही.

काढायचं तर आधी फोटो घ्या. मग कडेला २-३ मिलिमीटर जागेवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलसर कापूस १० सेकंद फिरवा, १० पट भिंगातून पाहा. नवा रंग मऊ होऊन जुना टिकला तरच पुढे जा. सैल थर लाकडी टूथपिकनं काढा. ॲसिटोन जुना थरही उचलू शकतो. पदक बुडवू नका: द्रव चौकटीच्या फटीत शिरतो, ओल राहिली की गाभा गंजून फुगतो, सांधा उकलतो. चांदी चमकवायचं आम्लयुक्त द्रावण लोखंड खातं.

खाली जुना थरच नसेल तर आमच्या मते हात लावू नये. नव्यानं रंगवणं तर नकोच.