लॅम्बो फील्डच्या दारातून परत : बनावट तिकिटांचा अनुभव

३ डिसेंबर २०२३ च्या संध्याकाळी अमेरिकेतील ग्रीन बे येथील लॅम्बो फील्ड या मैदानाच्या प्रवेशद्वारावरून माझ्या बहात्तर वर्षांच्या वडिलांना आणि मला परत फिरावे लागले. आमच्याकडची दोन्ही तिकिटे बनावट होती आणि त्यांचे ५२० डॉलर मी आठवडाभर आधीच मोजले होते. मी नवखी असल्यामुळे फसले असते, तर कदाचित लिहिले नसते. परंतु ज्याने मला फसवले त्याने ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाविषयीचे माझे प्रेम आणि माझी माहिती हीच आपली हत्यारे बनवली. म्हणून आई-वडिलांना किंवा मुलांना एखादा तरी सामना दाखवावा असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हे सगळे सविस्तर मांडत आहे.

मी विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकीजवळ अकरा वर्षे राहते. विस्कॉन्सिनमध्ये राहून पॅकर्सचे चाहते न होणे कठीण असते, पण मला ओढ लागली ती या संघाच्या घडणीमुळे. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधील इतर प्रत्येक संघ धनाढ्य मालकांच्या हाती आहे; पॅकर्स मात्र १९२३ पासून सामान्य भागधारकांचा आहे. जेमतेम एक लाख वस्तीच्या गावाने, शंभर वर्षांहून अधिक काळ, आपला संघ मोठ्या शहरांकडे जाऊ दिलेला नाही. २०२१ मध्ये संघाने पुन्हा भाग विक्रीला काढले, तेव्हा मीही ३०० डॉलरचा एक भाग घेतला. त्यावर लाभांश मिळत नाही, तो बाजारात विकता येत नाही, तिकिटात सवलतही मिळत नाही. संचालक मंडळाच्या निवडणुकीत मत देता येते आणि प्रमाणपत्र भिंतीवर लावता येते.

२०२३ मध्ये माझे वडील, म्हणजे अण्णा, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले होते. त्यांची उभी नोकरी सहकारी साखर कारखान्यात गेली. भिंतीवरचे प्रमाणपत्र पाहून त्यांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि लगेच म्हणाले, “म्हणजे हा सभासदांचा संघ आहे. मग वार्षिक सभा होत असेलच.” ती दर वर्षी होते, आणि तीही मैदानातच, असे मी सांगितले, तेव्हापासून अण्णा पॅकर्सचे झाले. दर रविवारी ते माझ्याशेजारी बसून सामना पाहू लागले. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकण्याचा नियम त्यांना दुसऱ्याच आठवड्यात उमगला. संघाचा अनेक वर्षांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, ॲरन रॉजर्स न्यूयॉर्कच्या संघाकडे गेल्यानंतरचा तो पहिलाच हंगाम होता. जॉर्डन लव्ह या तरुण क्वार्टरबॅकवर सुरुवातीला बरीच टीका होत असे, आणि अण्णांना ती मनापासून लागत असे.

अण्णा डिसेंबरच्या मध्यास परत जाणार होते. त्याआधी त्यांना एकदा लॅम्बो फील्डमध्ये न्यायचे मी ठरवले. येथे तिकिटांची स्थिती सांगणे आवश्यक आहे, कारण फसवणुकीची मुळे तिच्यातच आहेत. लॅम्बो फील्डमध्ये ८१ हजारांहून अधिक माणसे बसतात आणि तरीही १९६० पासून हंगामी तिकिटांवरच मैदान भरते. हंगामी तिकिटांच्या प्रतीक्षायादीत एक लाखाहून अधिक नावे आहेत आणि लोक बाळ जन्मल्यावर त्याचे नाव यादीत घालतात. ज्याच्याकडे हंगामी तिकीट नाही, त्याला दुसऱ्याने विकायला काढलेले तिकीटच घ्यावे लागते. त्यातून आमचा सामना होता आदल्या वर्षीच्या विजेत्या कॅन्सस सिटी चीफ्सशी, रविवारी रात्रीचा. अधिकृत पुनर्विक्रीत आम्हाला हवी तशी जागा प्रत्येकी चारशे डॉलरच्या पुढे दिसत होती.

२३ नोव्हेंबरला थँक्सगिव्हिंगच्या दिवशी पॅकर्सनी डेट्रॉइटमध्ये लायन्सना २९-२२ असे हरवले. त्याच रात्री आनंदाच्या भरात मी चाहत्यांच्या एका गटात लिहिले, की भारतातून आलेल्या वडिलांसाठी चीफ्सच्या सामन्याची दोन तिकिटे हवी आहेत. आज मागे वळून पाहताना वाटते, की मला कशाने पाझर फुटेल हे त्या एका ओळीत मीच सांगून टाकले होते.

तासाभरात एका गृहस्थाचा निरोप आला. त्याने पैशांचा विषय काढलाच नाही. आपले घराणे मिलवॉकीचे, आजोबांनी १९६७ च्या ३१ डिसेंबरचा ‘आइस बोल’ नावाने गाजलेला सामना उणे पंचवीस अंश सेल्सिअसच्या थंडीत मैदानात बसून पाहिला, मिलवॉकी काउंटी स्टेडियममध्ये पॅकर्स १९९४ पर्यंत खेळत असत तेव्हापासूनची आपली ‘गोल्ड पॅकेज’ तिकिटे आहेत, असे तो सांगत गेला. मी भागधारक आहे का, असेही त्याने विचारले, आणि मी होकार देताच “मग तर आपण एकाच संघाचे मालक” असे लिहिले. आई रुग्णालयात असल्यामुळे आपण जाऊ शकत नाही, पण आपल्या जागेवर लाल कपड्यांतले चीफ्सवाले बसावेत हे सहन होणार नाही, खऱ्या चाहत्यालाच तिकिटे द्यायची आहेत, हे सर्वांत शेवटी आले. किंमत, दोन तिकिटांची मिळून ५२० डॉलर.

त्याने सांगितलेला इतिहास अक्षरशः खरा होता. आइस बोल खरा, काउंटी स्टेडियम खरे, गोल्ड पॅकेजही खरे. ज्या इतिहासाने माझे मन भरून येते तोच दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना, बोलणारा माणूसही खरा असणार असे मी धरून चालले. आणि तरीही माझ्या माहितीचा मी नीट उपयोग केला असता, तर खोटे तिथेच उघडे पडले असते. पॅकर्सनी मिलवॉकीत खेळणे थांबवले, तेव्हा तिथल्या जुन्या तिकीटधारकांसाठी गोल्ड पॅकेज ठेवण्यात आले, आणि त्यात हंगामातील दुसरा आणि पाचवा घरचा सामना येतो. २०२३ मध्ये ते सामने लायन्स आणि चार्जर्सविरुद्धचे होते व दोन्ही होऊन गेले होते. चीफ्सचा सामना घरच्या मैदानावरचा सहावा होता. गोल्ड पॅकेजवाल्याकडे त्या पॅकेजमधून या सामन्याचे तिकीट असणेच शक्य नव्हते. हे मला ठाऊक होते. बोटावर मोजायला अर्धे मिनिट लागले असते. ते मी मोजले नाही, कारण मला तपासायचेच नव्हते, तिकिटे हवी होती.

त्यानंतरचे व्यवहार झपाट्याने झाले. निम्मे पैसे बँकेतून बँकेत तत्काळ जाणाऱ्या ॲपने पाठवावेत असे त्याने सुचवले. क्रेडिट कार्डाने देते म्हटल्यावर “त्यात माझे पैसे कापले जातात, आणि आता आईच्या औषधांचाच खर्च आहे” असे उत्तर आले. आजारी आईचे नाव घेणाऱ्याशी घासाघीस करणे मला अप्रशस्त वाटले. मी २६० डॉलर पाठवले. थोड्या वेळाने अधिकृत तिकीट कंपनीच्या नावाने ‘तिकिटे हस्तांतरित होत आहेत’ असा ईमेल आला, चिन्ह, रंग, सामन्याची तारीख, विभाग, रांग, सारे बरोबर. त्याच्या सांगण्यावरून मी उरलेले २६० डॉलरही पाठवले. तिकिटे मात्र माझ्या खात्यात दिसेनात. सामन्याची गर्दी असल्याने ॲप अडखळते आहे, असे सांगून त्याने दोन तिकिटांच्या पीडीएफ प्रती धाडल्या, त्यांवर बारकोड होता. “दारात हेच दाखवा,” असे तो म्हणाला. शनिवारी रात्रीपर्यंत तो माझ्या निरोपांना उत्तरे देत होता. अण्णांना किती जाड मोजे घालावेत, बाकावर बसायला गादी न्यावी कारण बाक धातूचे आहेत, हेही त्याने सांगितले. त्या प्रेमळ सूचनांची आठवण मला पैशांपेक्षा अधिक छळते.

रविवारी आम्ही दुपारीच निघालो. मिलवॉकीहून ग्रीन बे दोन तासांवर आहे. मैदानाभोवती गाड्यांच्या मागे शेगड्या पेटल्या होत्या, सॉसेजचा धूर होता, डोक्यावर पिवळ्या चीजच्या टोप्या घातलेली माणसे अनोळखी अण्णांना हात उंचावून नमस्कार करत होती. “आपल्या जत्रेसारखेच आहे,” अण्णा म्हणाले.

दारावर यंत्राने बारकोड वाचलाच नाही. तेथील स्वयंसेविकेने तीनदा प्रयत्न केला आणि मग हळू आवाजात मला बाजूला घेतले. एनएफएलची तिकिटे आता केवळ मोबाइलमध्ये, तिकीटधारकाच्या स्वतःच्या खात्यातच असतात, आणि त्यांवरचा बारकोड दर काही सेकंदांनी बदलतो, त्यामुळे छायाचित्र किंवा कागदी प्रत कधीच चालत नाही, असे तिने समजावले. तिकीट खिडकीवर कळले, की त्या जागा दुसऱ्याच कुणाच्या आहेत आणि ते लोक आत गेलेही आहेत. आमच्यामागे आयोवाहून आलेले एक तरुण जोडपे उभे होते. त्यांच्या हातात त्याच रांगेची, त्याच क्रमांकांची तिकिटे होती. त्या मुलीचे डोळे भरून आले तेव्हा अण्णांनी आपल्या पिशवीतला गरम चहाचा थर्मास पुढे केला. मी त्या माणसाला निरोप पाठवला. त्याचे खाते नाहीसे झाले होते.

आम्ही गाडीत येऊन बसलो. मला अण्णांकडे पाहवत नव्हते. त्यांनीच रेडिओ लावायला सांगितला. आकाशवाणीवर बाळ पंडितांचे मराठी समालोचन ऐकत वाढलेल्या त्या माणसाने वेन लॅरिव्ही यांचे इंग्रजी समालोचन पूर्ण दोन तास कान देऊन ऐकले, मध्येच थांबवून “कितवा प्रयत्न?” असे विचारत. घरापुढे पोहोचलो तरी आम्ही गाडीतून उतरलो नाही. लव्हने तीन टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, दिले. शेवटच्या क्षणी चीफ्सच्या महोम्सने फेकलेला लांब पास खाली पडला आणि पॅकर्स २७-१९ असे जिंकले. अण्णांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी बँकेला कळवले. पैसे मी स्वतःच्या इच्छेने पाठवले असल्याने ते परत आणता येणार नाहीत, असे उत्तर मिळाले. फेडरल ट्रेड कमिशनकडे, एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडे आणि विस्कॉन्सिनच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे मी तक्रारी नोंदवल्या. हा विभाग राज्याच्या कृषी खात्याखाली येतो, त्यामुळे शोधताना लवकर सापडत नाही. पैसे आजतागायत मिळालेले नाहीत. तरी तक्रार जरूर करावी. एकाच माणसाविरुद्धच्या दहा तक्रारी एकत्र आल्या तर तपासाला काही तरी दिशा मिळते.

ज्यांना तिकिटे घ्यायची आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की तिकीट तुमच्या स्वतःच्या खात्यात उतरून, अधिकृत ॲप उघडल्यावर तिथे दिसल्याखेरीज एक डॉलरही देऊ नका. ‘हस्तांतर सुरू आहे’ असा ईमेल हा पुरावा नव्हे. त्यातील दुव्यावर न जाता ॲप स्वतः उघडून पाहा. विक्रेता आधी तिकीट द्यायला तयार होणार नाही, हे साहजिक आहे, आणि म्हणूनच दोघांच्या मध्ये उभी राहणारी अधिकृत पुनर्विक्री महाग असली तरी घ्यावी. पैसे क्रेडिट कार्डाने द्या. माल मिळालाच नाही किंवा ठरल्याप्रमाणे मिळाला नाही, तर ती रक्कम असलेले कार्डाचे पहिले विवरणपत्र पाठवले गेल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. मित्र-नातेवाइकांना पैसे पाठवण्याच्या सोयीतून अनोळखी माणसाला पैसे देण्याचा आग्रह कुणी केला, तर व्यवहार तिथेच थांबवा, मग त्याची आई आजारी असो वा नसो. पॅकर्सचा भाग स्वस्तात देतो असे कुणी म्हणाले तरी ते खोटेच समजा, कारण तो बाहेरच्या माणसाला विकताच येत नाही. आणि जो माणूस संघाच्या आठवणींनी तुम्हाला भारावून टाकतो, त्याच्या आठवणी त्या हंगामाच्या वेळापत्रकाशी ताडून पाहा.

परतीच्या विमानाआधी एक मोकळा दिवस होता. मी संघाच्या स्वतःच्या खिडकीवरून मैदान दाखवणाऱ्या फेरीची दोन तिकिटे काढली आणि अण्णांना पुन्हा ग्रीन बेला नेले. खेळाडू मैदानात येतात त्या बोगद्याच्या वाटेत, जुन्या बोगद्यातला काँक्रीटचा एक तुकडा जपून बसवलेला आहे. १९६० च्या दशकातले संघाचे ख्यातनाम प्रशिक्षक लोम्बार्डी यांच्या काळापासूनचे खेळाडू त्यावरून धावत गेले. मार्गदर्शकाने हे सांगितल्यावर मी अण्णांना मराठीत समजावले. त्यांनी वाकून त्या काँक्रीटला हात लावला, तो हात कपाळाशी नेला आणि मग रिकाम्या मैदानाकडे चालू लागले.